शिफ्ट, पहारा, रियाज : नोकरी सांभाळून कला जोपासण्याच्या प्रश्नाचा आढावा

‘पेटी वाजवतोस का रे अजून?’ असे मावळातल्या एखाद्या तिशीतल्या माणसाला विचारले, तर उत्तर बहुतेकदा शिफ्टपासून सुरू होते. या आठवड्यात फर्स्ट आहे, पुढच्या आठवड्यात नाईट. सुट्टीच्या दिवशी भाताची कामे निघतात. बेडसे आणि पवन मावळातल्या आसपासच्या गावांत हे चित्र सरसकट दिसते. घरची इंद्रायणी तांदळाची शेती आहे, आणि पगार येतो तो तळेगाव, चाकण किंवा पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून. पुण्यामुंबईच्या ऑफिसांतून कविता, चित्र, नाटक धरून ठेवणाऱ्यांची अडचण वरवर वेगळी वाटली, तरी प्रश्न तोच आहे. दिवसाचा मोठा भाग पोटापाण्यात जात असताना सरावात खंड पडू द्यायचा नाही, हे कसे साधायचे?

या प्रश्नावर बरेच बोलले गेले आहे. कलावंतांच्या अनुभवातून एक मत बनले आहे, मानसशास्त्राच्या अभ्यासातून दुसरे, आणि गावच्या रिवाजात तिसरे न लिहिता मुरलेले आहे. ही मते आज कुठवर आली आहेत आणि कुठे अडली आहेत, हे इथे पाहायचे आहे.

आधीची वाट

बेडशाची लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराची. डोंगराच्या पायऱ्या चढून गेले की पुढे मुद्दाम राखलेल्या कातळातून एक अरुंद वाट आत जाते, आणि अचानक चैत्यगृहाचे उंच अष्टकोनी खांब समोर येतात. त्यांच्या माथ्यावर घोडे, बैल, हत्ती आणि त्यांवर बसलेल्या स्त्रीपुरुषांच्या जोड्या. हत्तीच्या कानामागची कातडी, स्वाराच्या पायातले दागिने इतक्या निगुतीने काढलेले की पाहणारा मान दुखेपर्यंत वर बघत राहतो. व्हरांड्यातल्या एका खोलीच्या दारावर ब्राह्मी लेख आहे. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याचे हे दान, असा त्याचा आशय. टाक्याजवळच्या लेखात सामडिनिका या महारठिणीचे नाव येते. दान देणाऱ्यांची नावे अशी उरली.

घडवणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांना आपला प्रश्न पडलाच नसणार. दगड घडवणे हीच त्यांची उपजीविका होती आणि त्या वेळेचे मोल दुसरा कुणी देत होता. पोटाचे काम आणि मनाचे काम वेगळे झाले, तेव्हाच वेळ काढण्याची भाषा सुरू झाली.

मधल्या काळात वारकरी संतांनी याचे एक उत्तर जगून दाखवले. सावता माळी मळ्यात, गोरोबा चाकावर, जनाबाई दळणकांडणात. बेडशापासून फार लांब नसलेल्या सुदुंबऱ्याला संताजी जगनाड्यांची समाधी आहे. व्यवसायाने तेली असलेले संताजी तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक, आणि त्यांनी गाथेतले अभंग उतरवून ठेवले म्हणून ते घरोघर माहीत आहेत. कामातच अभंग, असे हे उत्तर. मात्र एक सावधगिरी हवी. या चरित्रांवर श्रद्धेचे थर चढलेले आहेत, आणि संताजी दिवसातले किती तास घाण्यापाशी नि किती लेखणीपाशी असत, हे त्यांतून काढता येणार नाही.

गिरण्या आल्या आणि घड्याळ आले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 10 जून 1890 पासून कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आज कविसंमेलने, तालमी, चित्रकलेचे वर्ग ज्या रविवारी होतात, तो रविवार असा मागून, झगडून घेतलेला आहे. कलेसाठी वेळ हा प्रश्न निव्वळ स्वभावाचा किंवा शिस्तीचा मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पुढे 1948 च्या कारखाना कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. 1953 च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळाची सोय झाली, मंडळाच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या, आणि 1954 पासून राज्य नाट्यस्पर्धेने हौशी नाटकवाल्यांना दरवर्षीची एक तारीख दिली. कारकून, शिक्षक, बँकवाले, कामगार संध्याकाळी तालमीला जमू लागले. महाराष्ट्रात ‘हौशी’ म्हणून ओळखली जाणारी मोठी रंगभूमी या सुटलेल्या संध्याकाळींवर उभी राहिली.

रोज थोडे, की सवडीने सलग

चर्चेतला सर्वांत जुना वाद हा. रोज ठरल्या वेळी थोडे थोडे करावे, हे मत गाण्यात तर वादातीत मानले जाते. पहाटेचा खर्ज, रोजचा रियाज, एक दिवस चुकला तर स्वतःला कळते, दोन चुकले तर गुरूला कळते, असे गवई सांगत आले. लेखनात या मताचा नेहमीचा दाखला म्हणजे इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप. टपाल खात्याची नोकरी सांभाळून तो पहाटे साडेपाचला टेबलाशी बसे आणि घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द लिही.

अभ्यासाचा आधार या मताला रॉबर्ट बॉइस यांनी दिला. 1983 मध्ये त्यांनी 27 प्राध्यापकांवर केलेला प्रयोग पुष्कळदा सांगितला जातो. एका गटाला लेखन टाळायला सांगितले, दुसऱ्याला सुचेल तेव्हाच लिहायला, आणि तिसऱ्याला ठरल्या वेळी सक्तीने. बैठक चुकली तर नावडत्या संस्थेला देणगी द्यायची, अशी ती सक्ती. तिसऱ्या गटाची पाने सर्वांत जास्त झाली यात नवल नाही. नव्या कल्पनाही त्याच गटाला अधिक सुचल्या, हे महत्त्वाचे. सुचण्याची वाट पाहू नये, बसल्यावर सुचते, हे मत त्यामुळे बळकट झाले. 2010 मध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयी तपासल्या. एखादी साधी कृती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण माणसागणिक हा काळ 18 पासून 254 दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी हा दुसरा निष्कर्ष आवर्जून सांगते, कारण पहिला खंड पडला की सगळे सोडून देणारे फार.

उलट बाजूही तितकीच खरी माणसे मांडतात. काफ्का प्रागच्या विमा संस्थेत नोकरी करी आणि रात्री लिही. त्याची ‘निवाडा’ ही कथा सप्टेंबर 1912 मधल्या एका रात्रीत सलग उतरली. हेलन स्वोर्ड यांनी यशस्वी विद्वानांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांतले फार थोडे रोज लिहिणारे निघाले. बाकीच्यांच्या तऱ्हा वेगवेगळ्या, काम मात्र होत होते. आपल्याकडचे दि. बा. मोकाशी यांचे उदाहरण मला जवळचे वाटते. पुण्यात रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणारा हा माणूस वारीबरोबर चालत गेला, आणि त्यातून ‘पालखी’ (1964) हे पुस्तक आले. रोज दुकान बंद करून अर्धा तास लिहून ते पुस्तक होण्यासारखे नव्हतेच. त्यासाठी सलग दिवसच हवे होते. तुकोबांच्या धाकट्या भावाच्या तोंडून सांगितलेली ‘आनंदओवरी’ (1974) वाचताना इंद्रायणीकाठची जी शांतता जाणवते, तीही धावपळीतून चोरलेल्या मिनिटांची वाटत नाही.

दोन्ही बाजू ऐकल्यावर माझे मत असे की वाद कलेच्या जातीवर बराचसा ठरतो. गळा, बोटे, पाय यांची कला रोजचा सराव मागते. तिथे शरीर विसरते. कादंबरी किंवा दीर्घकविता आठवडाभर बाजूला ठेवता येते, पण हाती घेतली की तुकडे सहन करत नाही. वसंतराव देशपांडे यांनी लष्कराच्या लेखा विभागात पुण्यात कित्येक वर्षे नोकरी केली आणि गाणे धरून ठेवले. नोकरी सुटल्यावर, 1967 मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले, तेव्हा ऐकणाऱ्यांना ते गाणे नवे वाटले. गळ्याला ते नवे नव्हते.

या सगळ्या अभ्यासांत मावळातल्या माणसाला एक मोठी फट दिसते. बॉइस यांचे लोक प्राध्यापक होते. लॅली यांनी तपासलेली सवय रोजच्या एका ठरल्या प्रसंगाला बांधलेली होती: न्याहारीनंतर, जेवणाआधी. ज्याची न्याहारी एका आठवड्यात पहाटे पाचला आणि पुढच्या आठवड्यात सकाळी नऊला, नाईट संपल्यावर, होते, त्याने सवय कशाला बांधायची? फिरत्या शिफ्टमध्ये झोपेचीच वेळ ठरत नाही. ‘पहाटे लवकर उठा’ हा सल्ला त्याच्या कामाचा नाही.

नोकरी मारक, की पोषक

दुसरा वाद नोकरीच्या स्वरूपाचा. नोकरी कला खाते, असे मानणारे आपल्यासमोर मोठी उदाहरणे ठेवतात. डॉ. श्रीराम लागू नाक-कान-घशाचे शल्यविशारद. 1969 मध्ये त्यांनी व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट व्हायचे ठरवले. मावळातच गो. नी. दांडेकर तळेगाव दाभाड्याला राहून लेखणीवर जगले. तुंग किल्ल्याच्या परिसरातली ‘पवनाकाठचा धोंडी’ ही कादंबरी याच खोऱ्याची, आणि ती लिहायला डोंगर नि माणसे पायाखाली घालावी लागतात. आठवड्याला एका सुट्टीत ते होणे अवघड.

पोषक मानणारेही रिकाम्या हाताने बोलत नाहीत. नारायण सुर्वे गिरणीत, मग शाळेत शिपाई, मग शिक्षक. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (1962) आणि ‘माझे विद्यापीठ’ (1966) या संग्रहांतून ती नोकरी वजा केली तर काय उरेल? पुण्याच्या ‘घाशीराम कोतवाल’ची (1972) गोष्ट तर या बाजूचा भक्कम पुरावा. दिग्दर्शक जब्बार पटेल दौंडला लहान मुलांचे डॉक्टर, नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, त्याच गोतावळ्यातले सतीश आळेकर बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचे काम करणारे. आळेकरांचे ‘महानिर्वाण’ 1974 चे. पगार बाहेरून येत होता, म्हणून तिकिटाच्या गल्ल्याकडे पाहून नाटक बदलावे लागले नाही. हा मुद्दा मला वजनदार वाटतो. अरुण कोलटकर जाहिरात क्षेत्रात नावाजलेले दृश्यकलावंत होते. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ 1977 मध्ये आल्यानंतर मराठीतला पुढचा मोठा साठा 2003 च्या आसपास बाहेर पडला. मधला काळ रिकामा नव्हता. छापण्याची घाई नव्हती, आणि ती नसण्याची ऐपत नोकरीने दिली होती.

2014 मध्ये केव्हिन एशलमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नोकरदारांचा आणि हवाई दलातल्या अधिकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कामाबाहेर काही घडवणाऱ्यांचा शीण लवकर जातो आणि त्यांचे कामही चांगले होते, असा संबंध त्यांना दिसला. संबंध दिसला म्हणजे कारण सापडले असे होत नाही. ज्यांची नोकरी मुळातच सुसह्य, त्यांनाच संध्याकाळी काही घडवण्याची उमेद उरते, असेही असू शकेल.

डॉक्टर, प्राध्यापक, जाहिरातवाले यांची उदाहरणे या बाजूला सारखी येतात, हे नजरेआड करू नये. त्यांना दिवसाची थोडीफार मांडामांड करता येते. असेंब्ली लाइनवर उभ्या असलेल्याला ती मुभा नाही.

जात्याचा वेळ

बायकांच्या बाबतीत प्रश्न मुळापासून बदलतो, आणि चर्चेत त्याला बरेचदा शेवटचा परिच्छेद मिळतो. 2019 च्या राष्ट्रीय कालविनियोग सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या, आणि घरकाम करणारे पुरुष 97. 2024 मध्ये हे आकडे 289 आणि 88 झाले. नोकरी करणाऱ्या बाईची ‘दुसरी शिफ्ट’ ती हीच. इंदिरा संत 1946 मध्ये पती गेल्यावर तीन मुले आणि बेळगावची शिक्षकी सांभाळून कविता लिहीत राहिल्या. त्यांचे मोठेपण आहेच, पण ते नियम म्हणून इतरांपुढे ठेवणे अन्यायाचे होईल.

याच भागाने एक वेगळी वाटही जपली होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ गावांतून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो साठा एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला, हजाराहून अधिक गावांचा. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, खुंट्यावर हात, एक घास टाकायची, दुसरी ओवी धरायची, आणि जाते फिरेल त्या लयीत ओळ बसायची. सासर, भाऊ, पाऊस, विठ्ठल, दारुडा नवरा, सगळे त्यात. इथे सरावासाठी वेगळा वेळ कुणी काढलाच नाही. काम रोजचे, म्हणून सराव रोजचा. खानदेशात बहिणाबाई चौधरी अशाच घरात, शेतात रचत राहिल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. मुलाने उतरवलेली गाणी त्यांच्या मृत्यूनंतर 1952 मध्ये पुस्तकरूपाने आली.

मग पिठाची गिरणी आली. रोजचे कष्टाचे तास वाचले, आणि ते वाचायलाच हवे होते. ज्यांनी दळले आहे त्यांच्यापैकी कुणी जाते परत मागणार नाही. पण वाचलेला वेळ ओवीकडे गेला नाही. ओवी जात्याबरोबरच थांबली. वेळ मोकळा केला की निर्मिती आपोआप होते, या समजाला याहून मोठे आव्हान मला ठाऊक नाही.

पहाऱ्याची यादी

शेवटची बाजू गावच्या रिवाजाची, आणि माझा कल तिच्याकडे आहे. मावळातल्या गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, असा नेम. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि मग जागर. वीणा सतत कुणाच्या तरी गळ्यात असते, आणि त्यासाठी पहाऱ्याची यादी लावतात. कुणाचा पहारा किती वाजता, हे देवळात लिहिलेले. वेळ भरली की पुढचा येतो, एकमेकांच्या पाया पडून वीणा गळ्यातून गळ्यात जाते, मधे एक क्षणही ती टेकत नाही. ज्याची नाईट असते तो दुपारचा पहारा मागून घेतो. ज्याला सुट्टी मिळाली नाही त्याचा भाऊ उभा राहतो.

कारखान्याच्या शिफ्टला पुरून उरणारी ही रचना आहे. नियमितपणा इथे एकट्या माणसाने पाळायचा नसतो. तो मंडळाचा असतो, आणि माणसे आपापल्या सोयीने त्यात येऊन मिळतात. एकादशीचे भजन, भीमगीतांच्या गायन पार्ट्या, बायकांची दुपारची भजनी मंडळे यांनाही हेच लागू पडते. पखवाजावर शिकाऊ पोराला बसवायचे आणि चुकला तर टाळकऱ्यांनी सांभाळून घ्यायचे, अशा रीतीने कित्येक हात तयार झाले. राज्य नाट्यस्पर्धेची तारीखही अशीच बाहेरून बांधून घालते.

आक्षेप मात्र खरे आहेत. पहिला असा की यात नव्याचे प्रमाण किती? अभंग ठरलेले, चालीही बऱ्याच ठरलेल्या. दुसरा, समूह वेळ देतो तसा काय गावे हेही ठरवतो. ज्याला मुक्तछंदात लिहायचे आहे त्याला पहाऱ्याच्या यादीत जागा नाही. तिसरा, वीणा कुणाच्या गळ्यात जाऊ शकते यावर स्त्री, जात, श्रद्धा यांच्या मर्यादा दीर्घकाळ राहिल्या, आणि काही ठिकाणी अजून आहेत. पहिल्यावर कीर्तनकार उत्तर देतील की निरूपण दर वेळी नवे बांधावे लागते, आणि पखवाजी म्हणेल की ठेका तोच असला तरी भरणा त्याचा स्वतःचा. हे उत्तर मला अर्धे पटते. दुसऱ्या आक्षेपाला समाधानकारक उत्तर अजून ऐकलेले नाही. कवितेच्या छोट्या गटांनी, कोलटकर आणि मित्र दर गुरुवारी मुंबईच्या वेसाइड इनमध्ये बसत तशा बैठकींनी, शहरात ते काही अंशी दिले. गावात तसे टेबल कोण मांडणार?

अजून न सुटलेले

कालविनियोग सर्वेक्षणात संस्कृती, विरंगुळा, माध्यमे आणि खेळ यांचा एकच मोठा विभाग आहे. टीव्ही पाहणे आणि तबला वाजवणे त्या बेरजेत शेजारी बसतात. वेळ आहे की नाही यावरचा वाद पुढे न्यायचा, तर पाहण्याचा वेळ आणि करण्याचा वेळ वेगळा मांडून बोलावे लागेल. मोबाइलवर सुरू झालेली रील पाहणे-करणे यांतली रेघ पुसट करते, कारण आता तेच पोर ती पाहतेही आणि अभंगाला चाल लावून चढवतेही. त्याला सराव म्हणायचे का, यावर जाणत्यांत एकमत नाही.

शिफ्टचे वेळापत्रक महिनाभर आधी हातात पडले आणि दर आठवड्याऐवजी दर महिन्याला फिरले, तर फरक पडेल का, हा तपासून पाहता येण्याजोगा प्रश्न आहे. त्यासाठी शिस्तीचे प्रवचन लागत नाही. एखाद्या कारखान्याची तयारी आणि एखाद्या भजनी मंडळाची हजेरीची वही एवढे पुरे. त्याच्या आड येणारी गोष्ट पैशाची आहे. जादा तासांना दुप्पट दर हे कायद्यानेच ठरवलेले आहे, आणि घराचा हप्ता चालू असलेल्या माणसासमोर संध्याकाळचे दोन तास येतात ते या भावाने. तालमीला जायचे की ओव्हरटाइम धरायचा, हे तो घरी विचारतो, आणि घरातल्यांचे उत्तर त्या महिन्याच्या खर्चावर अवलंबून असते.